नीनाआजीचे प्र्यानिक

बिलालभाई रशियात बांधकामावर गेला, तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला प्र्यानिक म्हणजे काय ते मीच समजावते. मध-लवंगेचं जाडजूड बिस्कीट, वर साखरेचा पांढरा थर. चावायचं नाही, दात जातील! चहात बुडवायचं. भाई आणि त्याची घरमालकीण नीनाआजी रोज तसंच खातात, मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय.

हल्ली मात्र त्याचा फोन लागत नव्हता. अम्मी सारखी मोबाईल बघायची. मी म्हणायचे, "अगं, रेंज नसेल!"

म्हणून भाईबरोबर कामाला असलेला कुर्डुवाडीचा अभिमन्यूदादा काल डबा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी ओरडलेच, "अम्मी, भाईचे प्र्यानिक!"

चहा मीच केला. बिनदुधाचा, एकदम रशियन! ताटात प्र्यानिक मांडले.

"बिलाल कधी येतोय, बेटा?" अम्मीनं विचारलं.

दादानं चमकून तिच्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"खा की दादा! का तिकडं खाऊन कंटाळलात?"

"नगं."

"लाजताय व्हय? आणि भाईनं एवढे कशाला पाठवले?"

"त्यानं न्हाय. नीनाआजीनं दिलं. तिनं समद्यांना चहाला बोलवून वाटलं. चाळिसाव्याला वाटत्यात तितं..."



कसला चाळिसावा, असं मी हसत विचारणारच होते. पण चाळिसावा आमच्यातही करतात. दादाजी वारले तेव्हा त्यांचा केला होता.

अम्मीनं कप खाली ठेवला. "कसा गेला?"

"वरच्या मजल्यावरनं पडला, चाची. तितंच दफन केलं. ठेकेदार म्हणला, घरी मी कळवतो. मला वाटलं, तुमाला ठावं हाय. आन् तुमी मलाच इचारलं, कधी येतोय..." दादा हमसून रडायला लागला.

अम्मी रडली नाही. "शाइस्ता, डोक्यावर ओढणी घे. त्याच्या नावानं यावर फातिहा देते. मग शेजारी वाटून ये."

समोरच्या मुक्ताकाकूंनी दार उघडलं. "अगंबाई, तेच का ते रशियाचे? आला वाटतं बिलाल!"

वक्तृत्वात मी यंदा शाळेत पहिली आलेय. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो माझा आवाज. काल तो काकूंपर्यंतही पोचेना. त्या कान पुढं करून उभ्या राहिल्या.

मी परत म्हणाले, "चहात बुडवून खा, काकू. भाईच्या चाळिसाव्याचे आहेत."