डोरीन काय करतेय?

ग्लेनिसने पोस्टरच्या चारही कोपऱ्यांवर स्वतःच्याच जुन्या कादंबऱ्या ठेवल्या, तरी वारा ते उचलतच होता. पोस्टरवर नव्या कादंबरीचं नाव होतं, मुखपृष्ठ होतं, प्रकाशनाची तारीखही होती. कादंबरीला शेवट मात्र नव्हता, आणि हे गावात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय करतेय आमची डोरीन?"

मर्व्ह ओकशॉट टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. शनिवारच्या बाजारात तिच्या शेजारीच अग्निशमन दलाचे स्वयंसेवक सॉसेज भाजत. पावाच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक त्याने स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी आणलं होतं. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. कादंबरीच्या वाटेला कधी गेला नव्हता. आता मात्र एक शनिवार चुकवत नसे.

"कपडे वाळत घालतेय," ग्लेनिस म्हणाली.

"अजून? गेल्या शनिवारीही तेच करत होती."

"वाळत नाहीत ना लवकर."

"पुस्तकात भर उन्हाळा आहे म्हणाली होतीस."

ग्लेनिसने घाईघाईने तोंडात घास भरला.

हे सगळं तिने आपल्याच हाताने ओढवून घेतलं होतं. दलाला पाण्याचा नवा पंप हवा होता आणि तिला पुस्तकाचा गाजावाजा. पबमध्ये दर शुक्रवारी दलासाठी तिकिटं विकून सोडत निघते, बक्षीस म्हणून मटणाचा ट्रे असतो. एका शुक्रवारी तिने वेगळं बक्षीस ठेवलं: ज्याचा नंबर लागेल त्याने कादंबरीतल्या एका पात्राला नाव द्यायचं. पात्र निवडलं टेलिफोन एक्स्चेंजवरच्या बाईचं. जंगलातला वणवा गावात शिरतो, सगळे नदीकडे पळतात आणि ही बाई शेवटपर्यंत फोन जोडत एकटीच मागे राहते. पुस्तकात आपल्या नावाने कुणी मेलं की लोकांना उलट गंमत वाटते. कुणीतरी वात्रट सासूचं नाव देईल, चार घटका हशा पिकेल, असा ग्लेनिसचा हिशेब.

नंबर मर्व्हचा लागला. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "डोरीन." हसलं कुणीच नाही. त्याची बायको डोरीन आदल्याच हिवाळ्यात गेली होती.

तेव्हापासून ग्लेनिसच्या आठवड्याचं गाडं एकाच जागी रुतलं होतं. सोमवार ते गुरुवार ती लिहायला बसे. वणवा डोंगरावरून खाली आणी आणि ऐनवेळी डोरीनला नदीकडे पाठवून देई. बाईचा जीव वाचे, पण प्रकरणात राम उरत नसे. मग ती डोरीनला पुन्हा फोनपाशी आणून बसवी आणि पुढचं वाक्य काही केल्या कागदावर उतरत नसे. शुक्रवारी वाचकांना ईमेल जाई: शेवटचा हात फिरवतेय. मेलबर्नच्या प्रकाशकाने आता निर्वाणीचं सांगितलं होतं. शेवट आला नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर. तिला रडू यायचं, आणि रडायलाही लाज वाटायची.

मर्व्हने बोटाला लागलेला सॉस पुसला.

"एवढे कपडे आमच्या घरात कधीच नव्हते, ग्लेन." मग म्हणाला, "मरते ना ती?"

ग्लेनिसला खोटं बोलवेना. "मी बदलतेय ते. नदीवर पोचवते तिला."

"वेडी का काय! सगळं गाव फोनवर ताटकळतंय आणि डोरीन पर्स उचलून नदीवर जाईल? ती? अगं, गावातली अर्धी माणसं तिला ओळखत होती. हसतील तुला."

"पण मर्व्ह..."

"एकटीच असते का तिथं?"

"हो."

कागदी रुमालाची तो घडीवर घडी घालत राहिला.

"हॉस्पिटलात मी खाली गेलो होतो. चहा आणायला. नर्स म्हणाली, अजून वेळ आहे, जा पाय मोकळे करून या. खाली एक ओळखीचा भेटला. ट्रकच्या गप्पा मारत बसलो त्याच्याशी. वर आलो तर..." त्याने दोन्ही हात थोडे पुढे धरले, हातात कप असावेत तसे. "ते कुठे ठेवायचे तेच सुचेना."

ग्लेनिसच्या टेबलापाशी एक बाई पुस्तक चाळायला थांबली आणि दोघांचे चेहरे बघून पुढे गेली.

"जाऊ दे तिला," मर्व्ह म्हणाला. "फक्त जवळ कुणीतरी असू दे. एवढं कर."

"कोण असू दे?"

"कुणीही. नावबिव नको त्याला."

सोमवारी ग्लेनिस पहाटेच उठून बसली. दुपारी जेवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. लिहिताना ती मोकळेपणाने रडली, आणि या वेळी हात थांबला नाही.

पुढच्या शनिवारी मर्व्ह आला. त्याने सॉसेज टेबलावर ठेवलं.

"पाठवलं मी," ग्लेनिस म्हणाली. "झालं पुस्तक."

"बरं झालं." तो रस्त्याकडे बघत होता. "फार वेळ लागला का तिला?"

"नाही."

"आणि तो? तो आला होता ना?"

"ती पहिला फोन जोडत होती तेव्हाच येऊन बसला. खुर्ची ओढून, तिच्या शेजारी."

मर्व्हने मान हलवली. बाजारातून कुणीतरी त्याला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

"त्याला निघता आलं असतं का गं?"

"आलं असतं. तिने दोनदा सांगितलंही, जा म्हणून."

"मग?"

"तो उठलाच नाही, मर्व्ह."