ब्रेक दाबून धर

दादाने ट्रेलरच्या दिव्यांची पिन पिकअपच्या सॉकेटमधून उपटली आणि धाकट्या बहिणीच्या नाकासमोर धरली.

"ही बघ, हिरवी पडलीय. भाड्याचा ट्रेलर, तो असाच असायचा."

"गाड्यांचे दिवे जोडण्यात तुझी हयात गेली. तोंड कशाला चालवतोस? हात चालव."

ट्रेलरवर आईचा पलंग, कपाट आणि शिलाई मशीन दोरीने आवळून बांधलं होतं. आई पिकअपमध्ये पुढे, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मागच्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली आणि दादा गॅरेजमधून येईपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. म्हणून धाकटी तिला आपल्या घरी न्यायला आली होती. मागचे दिवे लागल्याशिवाय ट्रेलर हायवेवर नेता येणार नव्हता, आणि दिवस कलला होता.

"दोन तास," धाकटी पुन्हा म्हणाली.

"ऐकलं. मी चार वर्षं सांभाळलं ते कुणी मोजू नका. तू फोनवरून जीव टाक."

पिन पुसून परत बसवली, तरी इंडिकेटर दिला की ब्रेकचे दिवेही मिणमिणत होते. दादाला दुखणं तेव्हाच कळलं. ट्रेलरच्या सांगाड्याला कसलेली अर्थिंगची वायर गंजली होती. दहा मिनिटांचं काम, पण पठ्ठ्याने तास लावला. आधी फ्यूज पाहिले, मग एकेक बल्ब काढून पुसला. मुद्दाम छळतोय, असं धाकटीला वाटलं, आणि ते खरंच होतं. अखेर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने वायरचं टोक पॉलिश पेपरने घासलं आणि स्क्रू आवळला. वाईट काम त्याच्या हातांना येतच नव्हतं.

"बस आत. ब्रेक दाब."

एव्हाना अंधारून आलं होतं. तो ट्रेलरच्या मागे, जरा कडेला जाऊन उभा राहिला. आज गॅरेज बंद, म्हणून अंगात पांढरा शर्ट होता. आईनेच सकाळी इस्त्री करून दिलेला.

धाकटीने ब्रेक दाबला.

"लागले?"

तिने आवाज चढवला.

"दादा, लागले का?"

"नाही."

धाकटीने आरशात पाहिलं. दादाचा पांढरा शर्ट लालभडक झाला होता. तिने पाय उचलला, शर्ट पांढरा. पुन्हा दाबला, लाल.

"खोटारडा मेला! आई, बघ जरा त्याच्याकडे."

आईने खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. दादाने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

"नाही लागत, आई," तो हळू म्हणाला.

आईने मान आत घेतली आणि पिशवीचे बंद मनगटात अडकवले.

"नाही लागत म्हणतोय."

"आई, तू आत्ता डोळ्यांनी बघितलंस!"

"त्याला यातलं कळतं," आई म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली. धाकटीचा पाय अजून ब्रेकवरच होता.