शिकवायचे पैसे वेगळे

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात दर महिन्याला एक नवी मुलगी यायची आणि महिना सरला की जायची. मालकांना यात स्वतःची फार हुशारी वाटायची. कामावर घेताना ते गोड आवाजात म्हणायचे, "पहिला महिना शिकाऊ, म्हणून अर्धा पगार. हात बसला की पूर्ण." आणि हात बसायच्या बेताला आला की तोच आवाज कडू व्हायचा, "तुला काही जमत नाही बाई, उद्यापासून नको येऊस." मग पुन्हा नवी, पुन्हा अर्धा पगार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असाच प्रकार. फरक एवढाच की इथे दळणारी आंधळी नव्हती.

दळणारी म्हणजे मावशी. खिडकीजवळचं मशीन तिचं. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. येणाऱ्या प्रत्येक नवीचं स्टूल तिच्याच शेजारी मांडलं जायचं. चुण्या कशा धरायच्या, अस्तर जरा सैल का सोडायचं, सुई मोडली तर तुकडा सापडेपर्यंत जागचं का हलायचं नाही, सगळं तिनेच सांगायचं. आता गंमत अशी की मावशीला पगार नव्हता. तिचं काम नगावर. जितके पडदे, तितके पैसे. नवीला शिकवायचं तर मशीन थांबवायचं, आणि मशीन थांबलं की कमाईही थांबायची.

हे मावशीला कळत नव्हतं असं नाही. पण ते बोलून दाखवलं तिच्या लेकीने. लेक दहावीत होती, तिला नुकतंच तोंड फुटलं होतं आणि आता ते मिटायचं नाव घेत नव्हतं.

"आई, या महिन्यात पण कमी?" भांडी विसळता विसळता तिने विचारलं.

"नवी आली होती ना."

"म्हणजे तिला अर्धा पगार मालक देतात आणि तिला शिकवायचा खर्च तू करतेस. मग निम्मी कामगार तुझीच की. घरी घेऊन ये तिला, एवढी भांडी तरी घासेल."

"जीभ आवर."

"मी आवरते गं. पण तू तुझी कधी सोडणार?"

मावशीला हसू आलं. पण हसू गेलं आणि प्रश्न तेवढा मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी नवी हजर. घट्ट वेणी घातलेली, बोटाला सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी घरूनच आणलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की श्वास घ्यायलाही कुणाची तरी परवानगी लागेल.

"मावशी, हिला जरा दाखव," मालक म्हणाले.

"नाही दाखवणार."

आजूबाजूची मशीनं एकेक करत गप्प झाली.

"मला नगाचे पैसे मिळतात," मावशी म्हणाली. "शिकवणं तुमच्या हिशेबात कुठे बसत नाही. तुम्ही घेतलीत, तुम्ही शिकवा."

"अगं, त्यात शिकवायचंय काय? उगाच भाव खाऊ नकोस. मी स्वतः हातात कात्री धरून वर आलोय."

"मग तर सोन्याहून पिवळं."

सकाळभर मालकांनी शिकवलं. म्हणजे, "सरळ शिव, बस," एवढं सांगितलं आणि फोन घेतला. नवीने अस्तर उलट्या बाजूला जोडलं, उसवलं, पुन्हा तसंच जोडलं. मावशीचं मशीन सुसाट चाललं होतं. शेजारी पाहायचं नाही, असं तिने मानेला बजावलं होतं. पण खाज सुटलेली असताना हात गप्प ठेवावा, तसं ते कठीण होतं.

दुपारी मखमलीचा तागा उघडला. एका नाट्यगृहाचा पडदा होता, गडद लाल, वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्यांचा. मालकांनी नवीला मापं आणि खडू दिला आणि वर म्हणाले, "दुसरी पट्टी उलट्या तोंडाने आख. तिरक्या कडा एकमेकींत बसतात, कापड वाचतं." आणि पुन्हा फोन. नवीने तसंच आखलं आणि कात्री उचलली.

मावशीची मान वळलीच. मखमलीला लव असते. एका पट्टीची लव वर आणि दुसरीची खाली गेली, तर दिव्याखाली एक काळपट दिसते आणि दुसरी फिकी, जशी दोन वेगळ्या ताग्यांतली. अख्खा तागा वाया जाणार होता. जाऊ दे, तिच्या मनात आलं, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण कापलं नवीने म्हणजे खापर नवीवर. तो अर्धा पगारही गेला. आणि ती पोर तळहाताने कापड असं सारखं करत होती, जसं झोपलेल्या बाळाचं पांघरूण.

"थांब," म्हणत मावशी उठली आणि तिने नवीच्या हातातली कात्री काढून घेतली.

"आलीस ना शेवटी शिकवायला?" मालकांनी फोन ठेवला.

"शिकवायला नाही, विकायला आले. हा पडदा वाया चाललाय. कसा, ते मला माहीत आहे. हिला माहीत नाही आणि तुम्ही विसरलात. शिकवायच्या वेळेचे पैसे द्या, सांगते."

"धमकी देतेस?"

"भाव सांगतेय. आणि हात बसला की ही इथेच राहणार, पूर्ण पगारावर. तुम्ही एकीला काढता आणि म्हणता, पैसे वाचले. बिघडलेलं कापड कुणाचं? उशीर झाला म्हणून तुटलेलं गिऱ्हाईक कुणाचं? माझं बंद मशीन कुणाचं? तुम्हाला पगार तेवढा दिसतो, कारण बाकीचं आम्ही झेलतो."

"शिकवायला दुसरी आणली तर?"

"आणा की. तिला शिकवणार कोण?"

मागच्या मशीनवर कुणीतरी खुदकन हसलं. मावशीने कात्री मालकांपुढे धरली. "नाहीतर घ्या. तुम्हीच कापा."

मालकांनी कात्री घेतली, ऐटीत वाकले. त्यांचा हात एका पट्टीच्या अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडे गेला, मग दुसरीच्या. दुसरीवर तो अडखळला. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिला. लाल रंग त्यांच्या बोटांखाली काळवंडला. कात्री हळूच टेबलावर आली.

"किती?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तेवढ्या वेळात जितके पडदे शिवले असते, त्यांचेच. वर एक पैसा नको."

"आणि हिचं महिन्यानंतर बघू."

"बघू नाही."

मालक ताग्याकडे बघत पुटपुटले, "बरं. राहील."

"मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं हो," मागची म्हणाली. मशीन एकही चालू नव्हतं.

"राहील म्हटलं ना," मालक मोठ्याने म्हणाले.

"घड्याळ बघून ठेवा, मालक, शिकवणी सुरू झाली." मावशीने दुसरी पट्टी पुसून सुलटी आखली, नवीचा हात धरला आणि मखमलीवर टेकवला. "ही लव. दोन्हीकडे एकाच बाजूला पडली पाहिजे. आता तू फिरव. सावकाश फिरव, आज मला घाई नाही."