जोडप्याचा मान

दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळाची एक रीत होती. वर्धापनदिनाच्या सत्यनारायणाला ज्याची देणगी सर्वांत मोठी, त्याने सपत्नीक पूजेला बसायचं. यंदा हा मान कौस्तुभकडे गेला. हा तोच कौस्तुभ, जो बायकोला, शिवांजलीला, आणि पोटच्या वैभवीला टाकून मानेसरला वेगळा राहत होता. लेकीच्या शाळेच्या फीचं नाव काढलं की ह्याचा हात आखडायचा, आणि चारचौघांत मात्र हा दानशूर कर्ण.

पोटगीचा दावा कोर्टात चालू होता, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. तरीही अध्यक्ष तात्यासाहेब शिवांजलीच्या दारात हजर झाले.

"बेटा, दोन तासांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "पाटावर शेजारी बसलं की मनं आपोआप जुळतात. पोरीसाठी बस. टेन्शन बिल्कुल घेऊ नकोस, मी आहे ना."

पोरीसाठी म्हटलं की आई मान तुकवते, हे असल्या वडीलधाऱ्यांना बरोबर माहीत असतं. शिवांजली बसली. गुरुजी म्हणाले, यजमानांच्या हाताला हात लावा. तिने विंचवाला लावावीत तशी दोन बोटं त्याच्या कोपराला लावली. कौस्तुभ कॅमेऱ्याकडे बघून हसला, मंडळींनी पोटभर शिरा खाल्ला.

पुढच्या तारखेला त्याच्या वकिलाने तोच फोटो कोर्टापुढे ठेवला. नवराबायको गुण्यागोविंदाने नांदतात, घर नवराच चालवतो, मग पोटगी कसली? शिवांजलीच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. निकाल लांबला. इकडे शाळेने बजावलं होतं की थकलेली फी भरली नाही तर नव्या वर्गात वैभवीला घेणार नाही.

शिवांजली कोर्टातून निघाली ती थेट तात्यासाहेबांच्या सोसायटीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. दार त्यांच्या पत्नीने, गिरिजाकाकूंनी उघडलं. तात्यासाहेब चहात टोस्ट बुडवत बसले होते.

"काका, तुम्ही बसवलंत म्हणून मी बसले," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "आता तेवढंच जजसाहेबांना येऊन सांगा. हा आमच्याबरोबर राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"अगं, तुमचा घरगुती मामला आहे तो. मंडळाला कोर्टकचेरीत कशाला ओढतेस? लोग क्या कहेंगे, विचार कर."

"मला पाटावर बसवताना नव्हता तो घरगुती?"

"आम्ही चांगल्या मनाने केलं."

"चांगलं मन तुमचं, किंमत मोजतेय माझी पोर."

टोस्ट विरघळून कपात पडला. तात्यासाहेबांनी चमच्याने तो शोधायला सुरुवात केली. समोर बाई न्याय मागते आहे आणि हा माणूस टोस्ट शोधतोय, हे बघून शिवांजलीला कप उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. तिने हात पाठीमागे घट्ट धरले.

"कौस्तुभ भला मुलगा आहे," ते कपातच बघत म्हणाले. "हॉलच्या नव्या फरशीचा सगळा खर्च त्यानेच अंगावर घेतलाय. त्याच्याविरुद्ध मी कसा उभा राहू, तूच सांग."

म्हणजे लेकीची शाळा मंडळाच्या फरशीत गेली होती, आणि ती फरशी ह्यांना हवी होती. इतका वेळ शिवांजलीला वाटत होतं, म्हातारा भोळा आहे. तो भोळा अजिबात नव्हता.

"अहो, जा ना तुम्ही," गिरिजाकाकू दारातूनच हळू म्हणाल्या. "खरं तेच तर सांगायचंय."

"तू आत जा," तात्यासाहेब म्हणाले. काकू आत गेल्या नाहीत.

"काका, मी पाया पडायला आलेले नाही," शिवांजलीचा आवाज आता थंड झाला होता. "तुम्ही आपणहून आलात तर ठीक, नाही तर कोर्टाकडून समन्स काढू, असं वकीलबाई म्हणाल्यात. घरी पाठवायचं की मंडळात, एवढंच विचारायचं होतं."

तात्यासाहेबांचा चमचा थांबला. "मंडळात? तिथे सगळे असतात."

"मग मंडळातच पाठवते," शिवांजली म्हणाली. "मलाही तुम्ही सगळ्यांसमोरच बसवलं होतंत."