नव्या मशीनची तपासणी

आमच्या घरात नवीन वस्तू येत नाही. फ्रिज एका डॉक्टरांचा, सोफा बंद पडलेल्या एका हॉटेलचा, आणि जेवणाचं टेबल चक्क शाळेच्या प्रयोगशाळेतलं. त्याच्या एका कोपऱ्यावर अ‍ॅसिडचा डाग आहे आणि पाहुणे आले की सासूबाई त्यावर मिठाची बरणी सरकवतात. लग्न करून आले तेव्हा मला वाटलं होतं, परिस्थितीमुळे असेल. पुढे परिस्थिती सुधारली, वस्तू जुन्याच राहिल्या. "या घरात नवीकोरी अशी आलेली मी एकटीच," असं मी एकदा वैतागून म्हणाले, तर सासूबाई हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "तुलासुद्धा पसंत करायला ते तीनदा आले होते."

ते म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टची दुरुस्ती केली आणि त्यात कोणत्याही यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही एवढं पक्कं शिकले. त्यांची एक कापडी पिशवी आहे. तिच्यात टॉर्च, लोहचुंबक, आरसा, पेचकस आणि काचेचा एक ग्लास. जुनी वस्तू बघायला गेले की आधी टॉर्च मारून पोटात बघणार. मग चुंबक फिरवून रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय का ते तपासणार. मग ग्लासभर पाणी चालू यंत्रावर ठेवणार आणि पाणी किती थरथरतं ते बघत बसणार. विकणारा रडकुंडीला आला की भाव विचारणार.

मी कपडे दुरुस्त करते. पँटची उंची कमी कर, बाही सैल कर, चेन बदल. पंधरा वर्षं हेच. गल्लीतले लोक मला 'चेनवाली' म्हणतात आणि मला ते मुळीच आवडत नाही. मला नवीन काहीतरी शिवायचं होतं, मोठं, ज्याकडे माणसं मान वर करून बघतील असं.

ती संधी आली नाट्यगृहातून. आमच्या मागच्या रस्त्यावर चारशे खुर्च्यांचं जुनं नाट्यगृह आहे. त्याचा पडदा मी वर्षानुवर्षं ठिगळं लावून जगवत आले होते. यावेळी तिथल्या मॅनेजरबाईंनी तो मला दाखवला आणि हात टेकले.

"आता यात ठिगळ लावायलाही कापड उरलं नाही," त्या म्हणाल्या. "एक सिनेमागृह बंद झालंय, त्यांचा पडदा मिळतोय. वापरलेला आहे, पण बरा आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मी नवा शिवते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना छप्पर बदलून देते म्हणाले होते. मग म्हणाल्या, "आठ दिवसांत एक मीटरचा नमुना आणा. वर चुण्या, खाली दुमड, सगळं खऱ्या पडद्यासारखं. पसंत पडला तर काम तुमचं. नाहीतर मी सिनेमावाल्यांना हो सांगते."

त्यांनी मखमलीचा एक मोठा तुकडा, अस्तर आणि वरची जाड कॅनव्हासची पट्टी दिली. घरी येऊन मी चुणी घालून मोजलं. मखमलीचे तीन थर, अस्तराचे तीन आणि पट्टीचा एक. सात. माझ्या घरच्या मशीनने तिसऱ्या थरालाच सुई मोडली.

जाड कामाचं मशीन घ्यायलाच हवं होतं आणि त्यासाठी मी पैसे साठवलेले होते. मी जेवताना जाहीर केलं, "मी नवीन मशीन घेणार आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने आधी माझ्याकडे, मग वडलांकडे पाहिलं आणि पटकन पाणी प्यायला. तो अशा वेळी नेहमी पाणी पितो.

"नवीन?" सासरे म्हणाले. "कशाला? शोरूममधून पायरी उतरलं की ते जुनंच झालं की. नुसत्या रंगाचे पैसे मोजायचे?"

"बाबा, आयुष्यात एकदा मला खोक्यातून बाहेर काढलेली वस्तू हवीय. दुसऱ्याच्या हाताचा घाम न लागलेली."

"सूनबाई, घाम लागलेलं यंत्र म्हणजे चाललेलं यंत्र. न चाललेल्याची खात्री कोण देणार?"

मी भांडी जरा जोरात आवरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात धापा टाकत दोन हमाल उभे. त्यांच्यामध्ये एक मशीन, काळं, दणकट, आणि मागून पिशवी खांद्याला लावून सासरे. तीन जिने चढून आले होते, तरी चेहरा असा फुललेला की मला ओरडायलाही सुचेना. स्वतःच्या पेन्शनमधून घेतलं होतं. जुन्या बाजारात दुपारभर बसून त्यांनी ते तपासलं होतं. पोटात गंज नाही, लांबी भरलेली नाही, मोटर गरम होत नाही. पाण्याचा ग्लास त्यांनी माझ्यासमोर पुन्हा ठेवून दाखवला. मशीन सुसाट चालू आणि पाणी बशीत ठेवल्यासारखं शांत.

"बोल," ते म्हणाले.

खरं सांगते, मीही विरघळले. इतकं सुरेख चालणारं मशीन मी पाहिलं नव्हतं. मी मखमल घेतली, लव लवेला लावून दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि शिवायला बसले. सुई लोण्यातून जावी तशी गेली. मीटरभर शिवण संपली आणि मी बघते तर वरचा तुकडा खालच्यापेक्षा दोन बोटं पुढे सरकलेला. पुन्हा शिवलं, टाचण्या लावून. पुन्हा दोन बोटं. मखमलीची लव अशीच असते, वरचं कापड हळूहळू पुढे पळतं. त्याला धरून ठेवायचं तर कापड सरकवणाऱ्या खालच्या दात्यांबरोबर कापड दाबणारा वरचा पायही चालणारं मशीन लागतं. याचा पाय जागच्या जागी होता. नऊ मीटरच्या पडद्यात हा वरचा थर कुठे गेला असता देव जाणे.

सासऱ्यांनी तुकडा हातात घेऊन सरकलेली कड बोटांनी मोजली. बाजारात दुपारभर त्यांनी मशीन चालतं कसं ते पाहिलं होतं, ते शिवतं कसं हे काही पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला ते सुचणार तरी कसं?

"चुकलं माझं," ते म्हणाले. या घरात मी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत आणि मला त्यांचा नव्हे, त्या मखमलीचा राग आला.

सकाळी मात्र गडी ताजातवाना. दप्तरं शिवणाऱ्या एका कारागिराला त्यांनी ते मशीन दाखवलंसुद्धा आणि त्याने दुपारी ते उचलून नेलं. दप्तरांच्या कापडाला लव नसते, त्याला ते मशीन सोन्यासारखं होतं. सासरे चपला घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"चल, नवीन बघायला. पण एका अटीवर. पिशवी माझ्याबरोबर येणार."

शोरूम म्हणजे नुसता लखलखाट. मशीनं रांगेत उभी आणि त्यांच्यामधून टाय लावलेला सेल्समन फिरत होता. मी सांगितलं, वरचा पाय चालणारं पाहिजे. त्याने एक खोकं उघडलं, पातळ सुती कापड घेतलं आणि सर्रकन एक शिवण मारून दाखवली.

"बघा ताई. एकदम रेशमासारखं."

"रेशीम नाही शिवायचं," मी म्हणाले आणि पर्समधून मखमल, अस्तर, पट्टी काढली. चुणी घातली. सात थर.

सेल्समनचं हसू जरा आखडलं. मी सुई खाली केली. पाच थरांपर्यंत ठीक. सातवर गेलं आणि टाका सुटला, पुढे आणखी दोन.

"नवीन आहे ना ताई, चालत चालत बसेल."

माझं डोकंच फिरलं. "नवीन आहे म्हणून टाके सोडायचे? मग नवीनचे पैसे कशाचे घेता? हेच मी जुन्या बाजारात बघितलं असतं तर तुम्हीच मला म्हणाला असतात, भंगार आहे, घेऊ नका."

"ताई, नवीन मशीन असं कोणी तपासत नाही."

"म्हणून तर टाके सोडतंय."

हे बोलले आणि मला स्वतःलाच ऐकू आलं, मी सासऱ्यांच्या आवाजात बोलतेय. मागे वळून पाहिलं. ते पिशवी छातीशी धरून उभे होते. मी हात पुढे केला. त्यांनी न विचारता टॉर्च दिला.

मग आम्ही दोघांनी त्या शोरूमचा ताबाच घेतला. सेल्समनने दुसरं खोकं उघडलं. मी एक कागद घेतला, दोरा न ओवता त्यावर शिवलं आणि उजेडासमोर धरला. भोकं सरळ रांगेत हवीत. इथे चार सारखी, पाचवं तिरकं. सासऱ्यांनी ग्लास ठेवला. पाणी काठावरून सांडून सेल्समनच्या बुटावर गेलं. "ही लिफ्ट असती तर मी जिन्याने गेलो असतो," ते म्हणाले. गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून आमच्याभोवती गोळा झाली. नुकतंच आपल्या मशीनचं खोकं बंद करून घेतलेल्या एका बाईने ते पुन्हा उघडायला सांगितलं. मग आतल्या केबिनमधून मालक बाहेर आले.

मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवणार. त्यांनी मखमलीचा तुकडा हातात घेतला, सुटलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि आतून मेकॅनिकला बोलावलं. तिसरं खोकं आलं. मेकॅनिकने ते उघडून, तेल देऊन, सुई आणि खालच्या हूकचा मेळ जमवून माझ्या ताब्यात दिलं.

कागद. रांगेत भोकं, एकही तिरकं नाही. ग्लास. पाणी हललं, पण काठापर्यंत आलं नाही. मग मखमल. मीटरभर शिवण मारली आणि दोन्ही तुकड्यांची टोकं एकमेकांना अशी भिडली की नखही मध्ये जाईना. शेवटी सात थर. मशीनचा आवाज जरा जड झाला, वेग कमी झाला नाही. सुई गेली, आली, गेली, आली. एकही टाका सुटला नाही. मी तो तुकडा डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला. तिथे मला टाळ्या नको होत्या, पण त्या खोकं उघडायला लावणाऱ्या बाईने वाजवल्या.

"हेच," मी म्हणाले. "हेच मशीन, याच नंबरचं. गोदामातून दुसरं पाठवायचं नाही."

"बिलावर नंबर लिहून देतो," मालक म्हणाले. मग सासऱ्यांकडे वळून, "तुमची मुलगी कोणत्या कारखान्यात शिकली?"

"सून आहे," सासरे म्हणाले. "आणि ती माझ्याकडे शिकली." हे अर्धं खोटं होतं. मी मान डोलावली.

नमुना मी सातव्या दिवशी दिला. मॅनेजरबाईंनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, चुण्या ओढून पाहिल्या आणि टेबलावरचा फोन उचलून माझ्यासमोरच सिनेमावाल्यांना नको सांगितलं. मी जिन्यापर्यंत शांतपणे चालत गेले. जिन्यात मात्र दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

पडदा शिवायला बावीस दिवस लागले. घरात मखमलीशिवाय काही दिसत नव्हतं. सासूबाई लव एकाच दिशेला आहे की नाही ते हात फिरवून बघायच्या. एक पट्टा जरी उलटा लागला तरी दिव्यात त्याचा रंग वेगळा दिसतो. नवरा कापड उचलून धरायचा आणि तक्रार करायचा. सासरे शेजारी स्टुलावर बसून मशीनचा आवाज ऐकायचे. एकदाही ते म्हणाले नाहीत की जुनं घेतलं असतं तर.

पहिल्या प्रयोगाला आम्हाला चौथ्या रांगेतल्या चार खुर्च्या मिळाल्या. दिवे मंद झाले आणि नुसत्या पडद्यावर उजेड आला. गडद लाल, वरपासून खालपर्यंत एकच रंग. सांधा कुठे आहे हे मलाच शोधावं लागलं. चारशे माणसं मान वर करून बघत होती. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "पडदा बदललेला दिसतोय. त्या बंद पडलेल्या सिनेमागृहाचा घेतला म्हणे, जुना."

माझ्या शेजारची खुर्ची धाडकन वाजली. सासरे उभे राहिले होते, संपूर्ण मागे वळून.

"जुना?" ते गरजले. अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू गेलं. "जुना नाही, साहेब! नवा आहे, नवा कोरा! माझ्या सुनेनं शिवलाय!"