पासंगाचे पान

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट मला स्वतःलाच नीट कळलेली नाही. तुम्हाला कळली तर मला समजावून सांगा.

एका लोहाराने माझी दांडी घडवली, तिला पितळेची दोन पारडी टांगली आणि मी खिळे, स्क्रू, साखळ्या विकणाऱ्या एका दुकानात आलो. दुकान भाऊबहीण मिळून चालवत. बहिणीला सगळे ताई म्हणत आणि तिच्या थोरल्या भावाला दादा. "या काट्यात खोट नाही," असे सुतार म्हणाले की माझी छाती फुगायची. तराजूला छाती नसते, हे मला ठाऊक आहे.

खरे तर थोडी खोट होती. माझे डावे पारडे जन्मापासून हलके. पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहावी म्हणून दादाने त्या पारड्याच्या तळाशी कागदाची एक घडी दोऱ्याने घट्ट बांधली. अशा जोडवजनाला पासंग म्हणतात.

त्याच सुमारास ताईने आपल्या वारलेल्या वडिलांवर कादंबरी लिहायला घेतली होती. दर शनिवारी दुपारी दुकान बंद झाले की ती नवी पाने जुन्या पानांवर रचायची आणि सगळा गठ्ठा माझ्या डाव्या पारड्यात ठेवायची. "पुस्तक कधी होईल कोण जाणे. वजन तर वाढतंय ना!" असे म्हणून ती पुढच्या आठवड्याची उमेद गोळा करायची. दादा चिडवायचा, "खिळ्यांच्या भावाने विकणार आहेस का?"

चार वर्षांत गठ्ठा अडीच किलोंवर गेला. मला वाटले, झाले, आता पेढे वाटतील. पण ताई तोंड पाडून बसली.

"नुसतं पाणी घातलंय मी, दादा," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी गठ्ठा सव्वादोन किलो भरला. मग दोन. मग पावणेदोन. आणि मित्रांनो, वजन उतरू लागले तशी ही बाई चक्क गुणगुणू लागली! माझे डोके चक्रावून गेले. आयुष्यभर मी जास्त म्हणजे चांगले असेच शिकलो होतो. मला वाटले, मीच गंजलो आणि भलतेच सांगू लागलो. त्या दोघांनाही तसेच वाटले असावे, कारण लवकरच गल्ल्याशेजारी आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि मी रंगांच्या डब्यांमागे फळीवर गेलो.

तरी शनिवारपुरता मला खाली उतरवत. आणखी चार वर्षांनी गठ्ठा सव्वा किलोवर येऊन थांबला आणि पुढे शनिवारही थांबले. माझ्यावर धूळ बसली. खूप वाईट वाटायचे. वर्षभर फक्त खालचे बोलणे कानावर येई.

"सगळं जमलंय रे, सुरुवातच जमत नाही. सतरा वेळा लिहून झाली. दरवेळी कुणा परक्या माणसाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं."

"अठराव्यांदा लिही."

"आता जीव नाही राहिला माझ्यात."

मग एके दिवशी भंगारवाला दारात आला. दादाने मला खाली काढले. ताईने आतून गठ्ठा आणला आणि म्हणाली, "हाही रद्दीत जाऊ दे. फक्त एकदा तोलते."

"अगं, वेड लागलंय का? नऊ वर्षं घातलीस!"

तिने पुढे होऊन गठ्ठा पारड्यात ठेवला. सव्वा किलो. मी जिवाच्या आकांताने दांडी सरळ धरली, दुसरे काय करणार? तिने गठ्ठा उचलला तेव्हा पारड्याला हिसका बसला, कुजलेला दोरा तुटला आणि कागदाची घडी जमिनीवर पडली.

ताईने ती उलगडली. अक्षर तिचेच होते. ती मोठ्याने वाचू लागली, "आमचे बाबा वाकडे खिळे फेकत नसत. ठोकून सरळ करत आणि आम्हाला म्हणत, हे आधी वापरा."

पुढे तिला वाचवेना.

"दादा, हे कधीचं?"

"तुझं पहिलं पान. चुरगळून फेकलं होतंस. मला पासंगाला कागद हवा होता, घेतला. वाचलं नव्हतं गं."

ताईने डोळे पुसले, ते पान गठ्ठ्यावर सगळ्यांत वर ठेवले आणि गठ्ठा पुन्हा माझ्या त्याच डाव्या पारड्यात ठेवला. भंगारवाला बिचारा वाट पाहून निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांना एकदा उलट्या करून पाहा, आणि स्वतःचे पहिले पान तर मुळीच फेकू नका, एवढीच माझी विनंती. ताईचे पुस्तक आता छापायला गेले आहे. मी फळीवर रिकामा आणि एका बाजूला कललेला असतो. नवा पासंग बांधायला ताईने दादाला मनाई केली आहे.

फक्त एक कोडे अजून सुटत नाही. त्या दिवशी गठ्ठ्यात एक पान वाढले होते, मी स्वतः ते पाहिले होते. तरी वजन भरले ते सव्वा किलोच.