मृणालिनी बांधावर गवत कापती

पिराजी म्हशींचा दलाल. पेठ वडगावच्या बाजारात म्हैस उभी ऱ्हायली की ह्याचं तोंड सुटायचं, आनि गिऱ्हाईक म्हैस सोडून ह्याच्याच तोंडाकडं बघत बसायचं. शिक्षन चौथी. पर त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात गड्याच्या डोक्यात काय शिरलं कुनास ठाव, त्यानं एक गोष्ट लिवली. शाहूपुरीतल्या एका छापखान्याचा दिवाळी अंक निघायचा, त्यांनी ती घेतली बी. मग काय, सगळ्या बाजाराला सांगून झालं. आता मागं फिरायची सोय न्हाय.

आनि एक दिवस सकाळीच मीरासाबनं सांगावा धाडला. मीरासाब म्हंजे तालमीतला जुना दोस्त, त्याच छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. पिराजी सायकल हानत गेला.

"ही मृणालिनी कोन रं?" मीरासाबनं खिळ्यांवरनं नजर बी उचलली न्हाय.

"नायिका हाय."

"ते कळलं. कुनाच्यातली? बांधावर गवत कापती म्हनं."

"कापती की."

"आपल्याकडं मृणालिनी गवत कापाय लागली, तर म्हशी खायाच्या थांबून तिलाच बघत बसतील. मालक म्हनत्यात, गोष्ट बरी हाय, पर पोरगी दिसत न्हाय. सांजपतोर दुरुस्त करून दे. न्हायतर त्या पानावर शेवेची कृती जानार."

पिराजीचं तोंड उतरलं. "दिसत न्हाय कशी? चांगलं वर्नन केलंय."

मीरासाबनं खण उघडला. सुतळीनं बांधलेली खिळ्यांची एक ओळ काढून त्याच्या म्होरं धरली. खिळ्यांवर अक्षरं उलटी, पिराजीला काय वाचता येईना. मग मीरासाबनंच वाचली, "चंद्रासारखं मुख, हरणासारखे डोळे, चाफेकळीवानी नाक."

"माझीच वळ. कधी जुळवलीस?"

"तुझी गोष्ट यायच्या पंधरा दिस आधी. यंदा चार गोष्टींत हाय ती. म्हनून मी मोडतच न्हाय. ज्याची नायिका येईल तिला लावून देतो."

पिराजी ती वळ हातात घिऊन उलटीसुलटी करून बघाय लागला. जरा वेळानं मीरासाबच म्हनला, "गेल्या बाजारात लालासाबची म्हैस इकलीस, तवा काय सांगितलंस गिऱ्हाइकाला?"

"ती व्हय? म्हनलं, हिचा डावा कान फाटलाय, पर रेडकासाठी कुत्र्याच्या अंगावर गेली तवा. परका मानूस धारंला बसला की पान्हा चोरती. चार शब्द ग्वाड बोलला की बादली भरती."

"बघ, मला हितं बसून दिसली. म्हशीवर एवढं ध्यान, आनि पोरीला निस्ता चंद्र."

पिराजी कागद घिऊन बाहेर पायरीवर बसला. एवढं जवळनं आपुन कुनाला बघितलंय, म्हनून इचार करू लागला. वीस वर्सांत एकच बाई बघितलेली, घरातली. मग पेन्सल चालली. चिडली की ती बोलत न्हाय, गवताची पेंढी आवळून बांधती. गाठ सुटता सुटत न्हाय. हसताना पदर दातात धरती, कारन ऊस खाताना पुढच्या दाताचा टवका उडालाय. मृणालिनीवर काट मारून त्यानं लिवलं, तानाबाई.

लिवलं आनि घामच फुटला. बायकूला आजवर चारचौघांत 'अगं ए' म्हननारा हा गडी. आता नावच छापून येनार, दातासकट. इचारल्याबिगार कसं द्यायचं? सायकल घराकडं, बावड्याला वळली.

तानाबाई म्हशीची पेंड कालवत हुती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं वाचून दावलं, आनि सांजचा वायदा बी शेवेसकट सांगितला. ती हात न थांबवता ऐकत ऱ्हायली.

"दाताचं कशाला लिवलंसा?"

"दिसावी म्हनून."

"आनि पेंढी तुम्हीच ढिली बांधता म्हनून मला आवळाय लागती, ते न्हाय लिवलं." मग म्हनली, "नाव बी चुकलंय."

"कसं? तानाबाईच की."

"ते तुमच्या आईनं ठेवलं, लग्नात. गोष्टीतल्या पोरीचं लगीन झालंय व्हय?"

"न्हाय अजून."

"मग ती तानाबाई कशी? कुरुंदवाडला बांधावर गवत कापायची तवा मी बाळाबाई हुते." तिनं पेंडीचा गोळा फोडला. "माझी आई गेल्यापास्नं कोन म्हनलं न्हाय त्ये."

म्हशीचं दात बघून वय सांगनाऱ्या पिराजीला ह्ये नाव आठवत बी नव्हतं. पत्रिकेत कुठंतरी असंल. त्यानं गुडघ्यावर कागद धरून काट मारली, नवं नाव घातलं आनि परत वाचलं, "बाळाबाई."

"ओ," ती म्हनली.

तोंडातनं निसटलंच. लगीच पदर दातात धरून ती म्हशीकडं वळली. "जावा आता. तिकडं शेव तळाय घेतली असंल त्यांनी."

छापखान्यात मीरासाबनं चष्मा पुसून पान वाचलं. दाताच्या टवक्याशी आल्यावर मान हलवली, आनि खिळे उचलाय लागला.

"मृणालिनी गेली म्हनायची."

"गेली."

"ही बाळाबाई कोन? वळखीची वाटती."

पिराजीनं टोपी काढून घाम पुसला.

"घरातलीच हाय," तो म्हनला. "पर अजून लगीन व्हायचंय तिचं."